तीन दांड्यांचा इतिहास : फर्ग्युसनचा ट्रॅक्टर अजून का चालतो?

१/
ऊसगाळपाचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. त्यांत नव्याकोऱ्या यंत्रांबरोबर तीस-चाळीस वर्षे वयाची यंत्रेही असतात. रंग उडालेला, मडगार्ड चेपलेले, पण चाल शाबूत. अशा ट्रॅक्टरच्या मागे, मोठ्या चाकांच्या मध्ये पाहिले की लोखंडाच्या तीन दांड्या दिसतात : दोन खाली, एक वर. कंपनी कोणतीही असो, रंग लाल असो की निळा, या तीन दांड्या असतातच. त्या कोठून आल्या आणि त्यांनी ट्रॅक्टरला एवढे दीर्घायुष्य कसे दिले, हा या धाग्याचा विषय.

२/
विसाव्या शतकाच्या मध्यावर आखलेली बहुतेक यंत्रे आज संग्रहालयात किंवा भंगारात आहेत. त्या काळातील मोटारगाड्या हौशी लोक रविवारी बाहेर काढतात. शेतीतील यंत्रांचे मात्र वेगळे आहे. जुना ट्रॅक्टर आजही रोजची मजुरी करतो. पाणी ओढतो, मळणी करतो, माल वाहतो. "जुने लोखंडच दणकट" हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते अर्धेच खरे आहे. लोखंड झिजतेच. झिजलेला भाग कोण बदलू शकतो, कोठे बदलू शकतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते, यावर यंत्राचे वय ठरते.

३/
या कथेचा नायक हॅरी फर्ग्युसन. (पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी त्याचा संबंध नाही; ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे.) हॅरीचा जन्म १८८४ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधील एका शेतकरी कुटुंबातला. शेतीच्या कष्टांचा त्याला कंटाळा होता, यंत्रांचे मात्र विलक्षण वेड. बेलफास्टमध्ये भावाच्या मोटार-दुरुस्तीच्या व्यवसायात तो शिकला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेले विमान उडवून त्याने आयर्लंडमधील पहिले विमानोड्डाण केले. पहिल्या महायुद्धात अन्नधान्य वाढवण्यासाठी ट्रॅक्टरांचा वापर सुधारण्याचे सरकारी काम त्याच्याकडे आले आणि ज्या शेतापासून तो पळाला होता, तेथेच तो परतला.

४/
तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैलच होता. नांगर त्याच्या मागे साखळीने किंवा दांडीने बांधला जाई. यात दोन मोठे दोष होते. चाकांना जमिनीची पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर अवजड करावा लागे आणि त्या वजनाने शेतातील माती दाबली जाई. दुसरा दोष जीवघेणा होता. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके पुढे सरकू शकत नसत. इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलले जाई आणि संपूर्ण यंत्र मागे चालकाच्या अंगावर उलटे. बैल अडला की थांबतो. इंजिनाला ती समज नव्हती.

५/
फर्ग्युसनचे उत्तर असे : नांगर ट्रॅक्टरच्या मागे बांधायचा नाही, ट्रॅक्टरलाच जोडायचा. दोन खालच्या दांड्या नांगर ओढतील. वरची एक दांडी त्याला मागून आधार देईल. चालता नांगर जमिनीत घुसताना पुढच्या बाजूला कलंडू पाहतो. त्या वेळी वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते, त्यामुळे पुढची चाके जमिनीवर दाबलेली राहतात. शिवाय नांगराचे आणि मातीचे ओझे मागच्या चाकांवर येते व त्यांची पकड वाढते. म्हणजे जे ओझे ट्रॅक्टरला उलटवत होते, तेच आता त्याला जमिनीवर धरून ठेवू लागले. अवजड ट्रॅक्टरची गरजच संपली.

६/
याला जोड मिळाली हायड्रॉलिक लिफ्टची. वरच्या दांडीचा दाब एका स्प्रिंगवर येतो. स्प्रिंग दबली की तेलाचा व्हॉल्व्ह सरकतो. जमीन कठीण लागून ओढ वाढली तर लिफ्ट नांगर किंचित वर घेते, ओढ कमी झाली की पुन्हा खाली सोडते. चालकाने काही करायचे नाही. या स्वयंनियंत्रणाचे पेटंट फर्ग्युसनने १९२० च्या दशकाच्या मध्यावर मिळवले. त्यात विजेचा किंवा कसल्याही गणकयंत्राचा भाग नव्हता. दांडी, स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि तेल : डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या चार गोष्टी. पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरला.

७/
कल्पना उत्तम असली तरी कारखाना हवा होता. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्याबरोबर हडर्सफील्ड येथे फर्ग्युसनने उत्पादन सुरू केले, पण भागीदारांचे पटले नाही आणि जेमतेम तेराशेच्या आसपास ट्रॅक्टर बनले. १९३८ च्या शरदऋतूत तो अमेरिकेत हेन्री फोर्डकडे गेला. फोर्डच्याच शेतावर प्रात्यक्षिक झाले आणि दोघांनी हस्तांदोलन करून सौदा पक्का केला. ट्रॅक्टर फोर्डने बनवायचा, तंत्र फर्ग्युसनचे. लेखी करार झालाच नाही. १९३९ पासून या जोडनावाचे ट्रॅक्टर बाजारात आले आणि १९४७ पर्यंत त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली.

८/
दरम्यान फर्ग्युसनला ब्रिटनमध्ये स्वतःचा ट्रॅक्टर हवा होता. कोव्हेंट्री शहरात बॅनर लेन येथे युद्धकाळात विमानांची इंजिने बनवणारा एक मोठा कारखाना शांतता येताच रिकामा झाला. तो स्टँडर्ड मोटार कंपनीकडे होता. १९४६ मध्ये तेथून 'टीई-२०' हा राखाडी रंगाचा छोटा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. नावातील 'ई' इंग्लंडचा. वजन सव्वा टनापेक्षा कमी, ताकद वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास. १९५६ पर्यंत असे पाच लाख १७ हजारांहून अधिक ट्रॅक्टर बनले. ब्रिटन-आयर्लंडमध्ये लोक त्याला लाडाने 'लिटल ग्रे फर्गी' म्हणू लागले.

९/
या ट्रॅक्टरचे इंजिन पाहण्यासारखे आहे. आरंभीच्या ट्रॅक्टरांना अमेरिकन इंजिन होते; लवकरच स्टँडर्डने स्वतःचे बसवले. त्याच घराण्यातील इंजिन कंपनीच्या व्हॅनगार्ड मोटारीत आणि पुढे ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्येही गेले. त्याच्या सिलिंडरमध्ये बदलता येणारे लायनर होते. सिलिंडर झिजला म्हणून इंजिनाचा सगळा ठोकळा टाकून द्यावा लागत नसे. जुने लायनर काढायचे, नवे बसवायचे, पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. "लायनर-पिस्टन टाकले" हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही ट्रॅक्टर गॅरेजात आजही ऐकू येते. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनाला पुन्हा पहिल्यापासून आयुष्य सुरू करण्याची सोय आहे.

१०/
रचनाही तितकीच उघडी. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे बिडाचे तीन मोठे भाग बोल्टांनी एकमेकांना जोडले की तोच त्याचा कणा. क्लच बदलायचा तर बोल्ट सोडून ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करायचा. काम मेहनतीचे असले तरी त्यात गूढ काही नाही. फर्ग्युसनने ट्रॅक्टरबरोबर एक पाना दिला होता. ट्रॅक्टर आणि अवजारे यांची नेहमीची जुळवाजुळव बहुतांशी त्या एका पान्याने होई. त्यावर मापाच्या खुणा असल्याने तो मोजपट्टीचेही काम देई. शेतकऱ्याने यंत्र स्वतः हाताळावे, हे आखणीतच गृहीत धरलेले होते.

११/
या यंत्राची सर्वांत नाट्यमय परीक्षा शेतात झाली नाही. एडमंड हिलरी एव्हरेस्टवरून उतरल्यानंतर काही वर्षांनी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला तेव्हा त्याच्या तुकडीजवळ तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर होते. चाकांवर साखळपट्टे चढवले, थंडीसाठी कापडी आडोसा लावला, बर्फातील भेगांच्या भीतीने ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधले. ४ जानेवारी १९५८ रोजी ही तुकडी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. स्कॉटच्या तुकडीनंतर जमिनीवरून ध्रुव गाठणारे हे पहिलेच लोक आणि मोटारवाहनाने तेथे जाणारेही पहिलेच. नांगरणीसाठी बनवलेल्या यंत्राने हे केले.

१२/
तिकडे अमेरिकेत हस्तांदोलन मोडले होते. हेन्री फोर्डच्या नातवाने सौदा संपवला, पण तीच जोडणी असलेला नवा ट्रॅक्टर बाजारात आणला. फर्ग्युसनने २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि त्याला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी त्याने आपली कंपनी कॅनडातील मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. त्यातून 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव आले. तोवर मूळ पेटंटांची मुदत संपत आली होती. दावा अंशतः जिंकूनही तीन दांड्यांवरची मक्तेदारी संपली. एकेक करून सर्व कंपन्यांनी ती जोडणी स्वीकारली आणि तिची मापे आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

१३/
या मानकाचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. एका कंपनीचा पल्टी नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो, गावच्या वर्कशॉपात बनवलेला कल्टिव्हेटर तिसऱ्याच्या, हे आज गृहीत धरले जाते. जुना ट्रॅक्टर त्यामुळेच नव्या अवजारांच्या जगात परका ठरत नाही. १९५० चा फर्ग्युसन आणि कालपरवा घेतलेले हलके अवजार यांची गाठ तीन पिनांनी पडू शकते. सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्राला आजचे सुटे साहित्य इतक्या सहज जोडता येईल, अशी उदाहरणे तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

१४/
आता भारताकडे. खोल नांगरणीची गरज येथे ट्रॅक्टरच्या आधीपासून होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घ्यायला कचरत होते. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हळूहळू नांगर दख्खनभर पसरला. पण काळ्या जमिनीत मोठा नांगर खोल चालवायचा तर बैलांच्या अनेक जोड्या एकापुढे एक जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी कोठून असणार? मग भावकी आणि शेजारपाजार मिळून सावड करत. ट्रॅक्टर आला तो या जागेवर.

१५/
स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा प्रयोग सरकारचा होता. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कास गवताने व्यापली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलांच्या नांगराला ती निघत नसत. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अमेरिकी सैन्याचे युद्धातून उरलेले साखळपट्ट्यांचे अवजड ट्रॅक्टर वापरून हे काम सुरू केले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. भारताला तिच्याकडून मिळालेल्या अगदी आरंभीच्या कर्जांपैकी ते एक. यंत्रे सरकारची, चालक सरकारचे, दुरुस्तीही सरकारी. शेतकऱ्याच्या हाती मात्र अजून पाना आला नव्हता.

१६/
१९५१ मध्ये देशभरात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. दहा वर्षांनी सुमारे ३१ हजार. जवळजवळ सगळे आयात केलेले. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरने भारतातील पहिला ट्रॅक्टर बनवला. १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने 'टॅफे' ही कंपनी निघाली. पर्किन्सच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवणारी सिम्पसन कंपनी त्याच उद्योगसमूहातली होती. ब्रिटनमध्ये टीई-२० ची जागा ज्या '३५' मॉडेलने घेतली होती, त्याच घराण्यातील ट्रॅक्टर येथे '१०३५' म्हणून प्रसिद्ध झाला. खेड्यात त्याचे नाव एका शब्दाचे : मॅसी.

१७/
मुंबईतही असेच घडले. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी करून १९६३ मध्ये 'बी-२७५' हा मूळचा ब्रिटिश आखणीचा ट्रॅक्टर आणला. कांदिवलीचा कारखाना त्याचे माहेर ठरला. पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेतले. पंजाबमध्ये १९७४ पासून निघालेला 'स्वराज' मात्र दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आखलेला, म्हणजे देशी बुद्धीचा. घराणी वेगवेगळी, पण मागच्या बाजूला तीन दांड्या सर्वांना. हरितक्रांतीच्या वर्षांत मागणी इतकी वाढली की नव्या ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्यांना दीर्घकाळ ताटकळावे लागे.

१८/
येथे इतिहासाने एक वळण घेतले. ब्रिटनमध्ये शेते मोठी होत गेली, मजूर कमी झाले आणि ट्रॅक्टर अधिकाधिक ताकदीचे बनले. '३५' ची जागा १९६४ मध्येच '१३५' ने घेतली. भारतात शेताचे तुकडे लहान राहिले, भांडवल थोडे आणि रस्त्यावरची वाहतूक हेही ट्रॅक्टरचे कामच. तीस-चाळीस अश्वशक्तीचा साधा ट्रॅक्टर येथे कालबाह्य झालाच नाही. '१०३५' आणि '२७५' ही नावे आजही नव्या ट्रॅक्टरांवर आहेत. जे यंत्र जन्मभूमीत जुने ठरले, ते येथे संसाराला लागले. आज संख्येने सर्वाधिक ट्रॅक्टर बनवणारा देश भारत आहे.

१९/
जुन्या ट्रॅक्टरचा उतारवयातील प्रवासही ठरलेला असतो. तरुणपणी तो नांगरणी करतो, कारण त्या कामाला सर्वांत जास्त दम लागतो. इंजिन थोडे थकले की कल्टिव्हेटर, पेरणी. त्यानंतर ट्रॉली : शेणखत, वाळू, विटा, ऊस. मग पाण्याचा टँकर, जो उन्हाळ्यात मराठवाड्यातील गावोगाव दिसतो. शेवटी एका जागी उभे राहून पीटीओच्या शाफ्टवर मळणीयंत्र फिरवणे. प्रत्येक पायरीवर मालक बदलतो, किंमत उतरते, आणि ज्याला नवा ट्रॅक्टर कधीच परवडला नसता अशा शेतकऱ्याच्या दारात यंत्र पोहोचते. यांत्रिकीकरणाचा इतिहास केवळ विक्रीच्या आकड्यांवरून लिहिला तर हा दुसरा-तिसरा मालक त्यात दिसतच नाही.

२०/
या प्रवासाला आधार देणारी एक अदृश्य व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावचा मिस्त्री, लेथवर शाफ्ट घासून देणारा कारागीर, वेल्डिंगचे दुकान, पंपाची दुरुस्ती करणारा, सुट्या भागांचा व्यापारी. मागे राजकोट, लुधियाना यांसारखी सुटे भाग बनवणारी शहरे आणि बिडाच्या ओतकामासाठी नावाजलेले कोल्हापूर. लाखोंनी बनलेल्या एकाच आखणीच्या ट्रॅक्टरांसाठी भाग बनवणे परवडते, भाग मिळतात म्हणून ट्रॅक्टर टिकतात, आणि ते टिकतात म्हणून भागांना गिऱ्हाईक राहते. यातील बरेचसे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते उस्तादाकडून पोऱ्याकडे, हातातून हातात गेले आहे. कंपनीने मॉडेल बंद केले म्हणून ते संपत नाही.

२१/
तथापि जुन्या यंत्राचे गोडवे गाताना त्याची किंमतही मोजली पाहिजे. फर्ग्युसनच्या जोडणीने मागे उलटण्याचा धोका कमी केला, संपवला नाही. ओझे खालच्या दांड्यांऐवजी उंचावर बांधले तर ट्रॅक्टर आजही मागे उलटतो. बांधावरून, उतारावर आडवा कलंडतो. चालकावर संरक्षक चौकट हवी असा नियम स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना लावला. भारतातील बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांवर ती नाही. उघड्या पीटीओ शाफ्टमध्ये धोतर, साडी, ओढणी अडकून झालेले अपघात खेड्यांना नवे नाहीत. शिवाय धूर, कानठळ्या आणि रात्री दिव्यांवाचून धावणाऱ्या ट्रॉल्या. दुरुस्तीला सोपे म्हणजे वापरायला सुरक्षित असे समीकरण नाही.

२२/
ब्रिटन-आयर्लंडमध्ये राखाडी फर्गीचे आजचे जीवन जरा निराळे आहे. छोट्या शेतांवर तो गवत कापतो, लाकडे ओढतो. नांगरणीच्या स्पर्धांत जुन्या ट्रॅक्टरांसाठी वेगळे वर्ग असतात आणि तेथे सरळ, एकसारखी सरी काढण्यात ही यंत्रे आपले कसब दाखवतात. तेथे जुना ट्रॅक्टर जपला जातो तो बव्हंशी प्रेमापोटी, येथे बव्हंशी गरजेपोटी. पण दोन्हीकडे अट एकच : सुटा भाग मिळाला पाहिजे आणि तो बसवणारा माणूस असला पाहिजे.

२३/
हा प्रश्न आता भूतकाळाचा राहिलेला नाही. आधुनिक मोठ्या ट्रॅक्टरात संवेदक आणि सॉफ्टवेअर असते. बिघाड शोधण्याचे साधन अनेकदा फक्त अधिकृत विक्रेत्याकडे. २०२० च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या लिलावांतून बातमी आली की चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरांवर चढाओढीने बोली लागत आहे, कारण ते शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येतात. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा अमेरिकेतील पहिला कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्तीवरील निर्बंधांच्या आरोपावरून जॉन डिअर कंपनीवर दावा दाखल केला.

२४/
भारतातही ही चर्चा पोहोचली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश केला. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. धूर कमी होणे आवश्यकच आहे. पण देशातील बहुतेक ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या आतले आहेत, आणि त्यांच्यापर्यंत हे बदल येतील तेव्हा तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातात पान्याबरोबर बिघाड वाचण्याचे साधनही असेल की नाही, हे आताच ठरत आहे. फर्ग्युसनचे स्वयंनियंत्रण स्प्रिंगमध्ये होते. ती स्प्रिंग कोणालाही काढून पाहता येत होती.

२५/
दरम्यान बॅनर लेनचे काय झाले? तेथून ३३ लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले आणि २००२ च्या डिसेंबरात शेवटचा बनला. कारखाना बंद झाला. पुढे त्याचा उंच मनोराही पाडण्यात आला. मॅसी फर्ग्युसन हे नाव अमेरिकेच्या ॲग्को कंपनीकडे गेले होते. तिचा आणि टॅफेचा वाद २०२५ मध्ये मिटला तेव्हा भारत, नेपाळ आणि भूतान यांपुरती त्या नावाची मालकी चेन्नईच्या कंपनीकडे आली. आयर्लंडच्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव कोव्हेंट्रीतून पुसले गेले आणि या भूभागात ते कायदेशीररीत्या येथलेच झाले. गावांनी तर ते कागदपत्रांच्या कितीतरी आधी 'मॅसी' म्हणून आपलेसे केले होते.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी चालता जुना ट्रॅक्टर हा एक दस्तऐवज आहे. तो वाचता मात्र आला पाहिजे. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी जन्मवर्ष सांगते. बिडावर उमटलेली अक्षरे ओतकाम कोठे झाले ते सांगतात. मूळ रंगाखालचा रंग, दुसऱ्याच मॉडेलचे बसवलेले स्टिअरिंग, वेल्ड केलेली खालची दांडी, गावात बनवलेली पिन : यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे एकेका दुरुस्तीची नोंद आहे. संग्रहालयातील ट्रॅक्टर रंग देऊन त्याच्या जन्मदिवशी परत नेऊन ठेवलेला असतो. शेतातल्या ट्रॅक्टरवर त्यानंतरची सगळी वर्षे शिल्लक असतात. गावातील सर्वांत जुना ट्रॅक्टर कोणाचा, तो किती हातांतून आला आणि त्याचे इंजिन कोणी किती वेळा खोलले, हे विचारायला आजच सुरुवात करावी. उत्तरे देणारे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत आणि त्यांच्या कामाची नोंद दुसरीकडे कोठेही नाही.